पाचशे अक्षरांचा खुलासा

आईला नोटीस आली तेव्हा मी यवतमाळला बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. आई घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात अंगणवाडी सेविका. वस्तीतली दहावी पास झालेली पहिली मुलगी, आणि त्याचा तिला अभिमान होता. नोटीस दोनच ओळींची होती. तपासणीच्या वेळी तुम्ही गैरहजर होता, सात दिवसांत ऑनलाइन खुलासा द्या, नाहीतर सेवेतून कमी करण्यात येईल. हे तिनं मला सांगितलं सहाव्या दिवशी.

मी सकाळच्या पहिल्या गाडीनं घरी पोचले. ती वहीचं पान पुढ्यात घेऊन बसली होती.

"पाचशे अक्षरात लिहा म्हनते," ती म्हणाली. "म्या मोजून काढले. साडेतीनशेच भरतात. काही टेन्शन नाही."

पानावर सगळं होतं. त्या दिवशी बाजूच्या तांड्यावरची एक बाई, आठवा महिना, अंगावरून रक्त जायला लागलं म्हणून सासू धावत अंगणवाडीत आली. नवरा बाहेरगावी मजुरीला. आरोग्य खात्याची आशाताई मीटिंगला गेलेली. आईनं सुपरवायझर मॅडमना दोनदा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मग मुलांना मदतनीस बाईंच्या हवाली करून ती ऑटोनं त्या बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेली. बाई वाचली, मूलही वाचलं. तपासणीची गाडी नेमकी त्याच तासात येऊन गेली.

दुपारी आम्ही घाटंजीला ऑनलाइन सेंटरवर गेलो. बाजाराचा दिवस, दारापर्यंत रांग. आमचा नंबर लागला तेव्हा पावणेपाच झाले होते आणि साडेपाचला खिडकी बंद होणार होती. सेंटरवालीनं मलाच कीबोर्ड दिला. आईचं पान मी जसंच्या तसं टाइप केलं. चौकटीखालचा आकडा लाल झाला. सातशे नव्वद.

"असं कसं?" आई मागून म्हणाली. "म्या दोनदा मोजलं ना व."

"काकू, हे मशीन काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजते," सेंटरवाली म्हणाली. "मधातली जागाबी. तुमची 'स्त्री' म्हणजे एक अक्षर, याची सहा."

 आईनं वहीचं पान माझ्या हातून घेतलं, पुन्हा दिलं.

मी कापायला लागले. 'प्राथमिक आरोग्य केंद्रात'चं 'दवाखान्यात' केलं, चौदा सुटली. 'गर्भवती'चं 'गरोदर', दोन सुटली. सासू गेली, ऑटो गेला, आशाताई गेली. प्रत्येक वाक्य मी आईला वाचून दाखवत होते आणि ती मान हलवत होती. रांगेतला एक जण म्हणाला, "ताई, आमचंबी आजच लास्ट आहे."  पाच वाजून दहा मिनिटांनी आकडा काळा झाला. चारशे सत्त्याण्णव.

"यात माफी नाही टाकली?" सेंटरवाली स्क्रीनकडे पाहत म्हणाली. "टाकून द्या. सगळेच टाकतात. साहेब लोक खूश होतात, मॅटर तिथंच मिटते."

"चूक झालीच नाही तं माफी कायची?" आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "नाही टाकायची."

एवढ्यात मदतनीस बाईंचा फोन आला. आत गोंगाटात काही ऐकू येईना म्हणून आई बाहेर गेली.

मी एकटी होते. नोटिशीतली 'सेवेतून कमी' ही अक्षरं डोळ्यांपुढून हलत नव्हती. घरात पगार तिचा एकटीचाच. मी शेवटी लिहिलं, 'झालेल्या चुकीबद्दल माफी असावी.' आकडा पुन्हा लाल. जागा करायला मी मधलं एक वाक्य काढलं, 'फोन दोनदा केला, उचलला नाही.' मला वाटलं, मॅडमची तक्रार केल्यासारखं दिसतं, नसलेलंच बरं. आकडा बरोबर पाचशेवर थांबला. मी बटण दाबलं. गोल चक्र बराच वेळ फिरत राहिलं, मग पावतीचा नंबर आला. आई आत आली तेव्हा मी पावतीची घडी घालत होते.

"गेला का?"

"गेला."

पंधरा-वीस दिवसांनी सुनावणी झाली. मला आत बसू दिलं. साहेब माणूस सरळ वाटला. "बाई, तुम्ही पेशंटला नेलं ते चांगलंच केलं," ते म्हणाले. "पण वरिष्ठांना कळवायचं नाही?"

"कळवलं ना साहेब. दोन खेपा फोन लावला. लिवलं हाय म्या त्याच्यात."

साहेबांनी छापलेला कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "कुठे लिहिलंय? इथे तर तुम्ही चुकीची माफी मागितली आहे."

आईनं कागद मागितला. बोट ठेवत एकेक ओळ वाचली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. मी टेबलावरच्या फाइलकडे पाहिलं.

"खाली नाव माह्यंच हाय," ती साहेबांना म्हणाली. "पण साहेब, चूक झाली नाही माह्याकडून."

दवाखान्याच्या कागदावर सोबत आलेल्या व्यक्तीचं म्हणून तिचं नाव होतं, त्यानं नोकरी वाचली. पण पूर्वसूचना न देता गैरहजर, चूक मान्य, अशी ताकीद तिच्या फाइलला लागली ती लागलीच.

परतीच्या बसमध्ये तिनं तिकिटं पिशवीत ठेवली. मग विचारलं, "थे माफीचं त्या सेंटरवालीनं टाकलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही. मी टाकलं."

"अन् फोनचं?"

"जागा नव्हती, आई."

"जागा होती. तिथं माफी बसली." ती म्हणाली, "मले इचारलं असतं तं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो," ती म्हणाली. त्यानंतर तो विषय तिनं कधी काढला नाही. मला वाटतं, रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी पोषण आहाराच्या कसल्याशा माहितीसाठी पुन्हा लेखी उत्तर मागितलं. मी तेव्हा घरीच होते. आईनं दोन दिवस बसून स्वतःच्या हातानं लिहिलं, एकटी घाटंजीला गेली, त्याच सेंटरवालीकडून टाइप करून घेतलं आणि बटण दाबण्याआधी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. हे मला मागाहून त्या सेंटरवालीनंच सांगितलं. घरी आल्यावर आईनं पावती डब्यात ठेवली आणि चहा टाकला. मीही काय लिहिलंस म्हणून विचारलं नाही.