तात्या चढले की बिराप्पा उतरणार

लाँचवाला "नाऊ, नाऊ" म्हणून ओरडत होता आणि मी शिडी धरायची सोडून स्वतःचा उजवा गुडघा धरून उभा होतो.

जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं असलं की लाँचमधून, म्हणजे छोट्या बोटीतून, त्यावर जावं लागतं. जहाजाच्या बाजूवरून लाकडी पायऱ्यांची दोरशिडी सोडतात. तिला पायलट लॅडर म्हणतात. लाँच लाटेवर पूर्ण वर आली की शिडी पकडायची आणि लगेच चार पायऱ्या चढून जायचं. नाहीतर पुढच्या लाटेला लाँच वर येते आणि पाय चेचते. सामान मागून दोरीनं येतं. एकोणीस वर्षं मी ही शिडी चढत आलो. त्या दिवशी मात्र वर बघितलं आणि हात गुडघ्याकडंच गेला.

मी जहाजावर फिटर. इंजिन रूममधलं वेल्डिंग, लेथ, फुटलेले पाइप हे माझं काम. गाव कराडजवळ. आजोबा, वडील, दोन्ही काका फौजेत. आमच्या घरात अनफिट हा शब्द शिवीसारखा. म्हणून मागच्या खेपेला गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं तरी मी तोंड उघडलं नाही. घरची कामं सांगून जॉइनिंग दोनदा पुढं ढकललं. मग दुखण्याची गोळी खाऊन मेडिकलला गेलो. डॉक्टरांनी उठाबशा काढायला लावल्या, मी काढल्या. फिटचा शिक्का मिळाला.

वर कठड्याशी बिराप्पा उभा होता. हा जतचा, तोही फिटर. सहा वर्षं आम्ही आळीपाळीनं त्याच जहाजावर. तो माझा रिलिव्हर, मी त्याचा. एक चढल्याशिवाय दुसऱ्याला घरी जाता येत नाही. बाकीचे सगळे परमुलखातले. म्हणजे जहाजावर मराठी समजणारा एकच माणूस, आणि मी चढलो की तो उतरणार. काम सोपवायच्या त्या तासाभरात आम्ही अधाशासारखे बोलायचो. पुढं नऊ महिने तोंडाला कुलूप. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

माझ्या ढकलाढकलीमुळं बिराप्पाचा तेरावा महिना चालू होता. पोरगी चालायला लागली, ते त्यानं मोबाइलवर पाहिलं. जहाज संध्याकाळी सुटणार होतं आणि पुढचं बंदर महिन्यावर. मी परत फिरलो असतो तर तो अडकलाच.

मी शिडी धरली. आठव्या पायरीवर गुडघा अडकला. वाकेना, सरळही होईना. वरून चीफ ऑफिसर खाली जा म्हणून खुणा करायला लागला. बिराप्पा कठड्यावरून ओणवा झाला.

"तात्या, डावा पाय वर टाका. उजवा नुस्ता वडत आना, लंगडं मेंढरू चढतं तसं. घाई करू नगा."

तसाच चढलो. डेकवर पाय टेकले तेव्हा घामानं अंघोळ झाली होती.

"गुडगा गेलाय तुमचा," तो हळूच म्हणाला. "सांगून टाका. मी ऱ्हातो."

"तू गुमान उतर. लाँच थांबायची न्हाई."

हँडओव्हर वीस मिनिटांत उरकलं. कुठला पंप गळतोय, कुठला व्हॉल्व्ह अडतोय, एवढंच. घरचं काही बोलणं झालं नाही. तो उतरला. लाँच ठिपक्याएवढी होईपर्यंत मी उभा राहिलो आणि मग कॅप्टनकडं जाऊन सगळं कबूल केलं.

"तासाभरापूर्वी का नाही सांगितलंस?"

"तासाभरापूर्वी लाँच इथंच होती, सर."

कॅप्टननं समोरचा कागद ओढला. मग रिपोर्ट लिहायला घेतला. पुढच्या बंदरापर्यंत मला बसून करायची कामं दिली, आणि तिथून घरी पाठवलं. ऑपरेशन झालं, पण कागदावर कायमचा अनफिट हा शिक्का बसला. वडिलांनी तो कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता कराडला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. जहाजावर निघालेलं कुणी भेटायला आलं तर मी एकच सांगतो, दुखणं डॉक्टरांच्या टेबलावर सांगा, शिडीवर नको.

परवा बिराप्पा पुन्हा जॉइन झाला. जहाजावरून त्याचा फोन आला.

"चढलो तात्या. पर वर बोलायला कुनी नव्हतं."

मी म्हणालो, "मग आता बोल."

रेंज होती तोवर तो बोलत राहिला.