दुखते मले, इचारता त्याले

रागवावं कसं, हे मोताळ्याच्या अख्ख्या पंचक्रोशीने आमच्या शेजारच्या मावशीकडून शिकावं. मळ्यातली वांगी-मिरच्या ती आठवडी बाजारात विकायची. कुणी वांगं दाबून पाहिलं की म्हणायची, "काऊन दाबून राह्यला? लगन लावतं काय त्याच्यासंग?" उशिरा येणाऱ्या एसटीवर, नुकत्याच झालेल्या महाराष्ट्र राज्यावर, सुनेच्या भाकरीवर ती सारख्याच निष्ठेने चिडे. फक्त गाईला सूट होती, कारण गाय तिचं ऐकायची.

मग तिला खोकला लागला. वैद्याने काढे दिले, दुसऱ्या कुणी क्षय समजून सुया टोचल्या. आवाज बसला, अंग वाळलं, जेवण मातीसारखं लागू लागलं. आडवं झालं की श्वास कोंडे, म्हणून ती खांबाला टेकून बसल्या बसल्याच डुलक्या घेई. रागवताना दर दोन शब्दांनी दम लागे, त्यामुळे शिव्या खाणाऱ्याला ताटकळत उभं राहावं लागे.

अखेर तिचा मुलगा आणि मी तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि मुलाला विचारलं, "झोप लागते का यांना? जेवतात का?"

मावशी समोरच स्टुलावर बसली होती. "दुखते मले, अन् इचारता त्याले?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी काय मुकी आहो?"

डॉक्टर ओशाळले. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. तिने एकेक त्रास सांगितला आणि विचारलं, "बरी होईन का मी? खरं सांगजा."

"फुप्फुसात कॅन्सरची गाठ आहे, मावशी. ती बरी होणार नाही."

मुलगा रडू लागला, त्यालाही तिने झापलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "मंग खोकला तं थांबवा. निजू द्या, घासभर खाऊ द्या. मराचं तं मरीन, पण असं तडफडून काऊन?"

त्यांनी दिलेल्या पातळ औषधाने खोकला बराच उतरला. मला मात्र अजून संताप येतो. एवढंसं औषध होतं, तर इतके महिने तिला कुणी विचारलंच का नाही? मीसुद्धा तिच्या ओसरीवर बसून रोज मुलालाच विचारत होतो, "कशी आहे?"

शेवटच्या दिवसांत दुपारी मी गेलो की ती मला बाजेवर आपल्या मागे बसवी आणि माझ्या पाठीला पाठ टेकवी. तसं बसलं की तिला श्वास सोपा जाई. एकदा माझ्या नोकरीला आणि माझ्या मिशीला नावं ठेवता ठेवता ती मध्येच गप्प झाली. झोप लागली होती. ऊन ओसरीवरून खाली उतरलं, माझ्या पायांना मुंग्या आल्या. मी हललो नाही.