मोजून सोडलेलं पाणी

एकाच खोलीत वर्षानुवर्षं काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आणि आठवायला कधी लागतात? ती खोली बंद झाल्यावर! चालू असताना कोणाला वेळ असतो?

आमची खोली म्हणजे हायड्रोलिक्स लॅब. वाशिमहून आमच्या जिल्ह्यातल्याच मालेगावकडे जाताना रस्त्याला लागून एक खाजगी पॉलिटेक्निक आहे, तिथली. पाइप, टाक्या, एक जुना पंप आणि वाहतं पाणी मोजायची हरतऱ्हेची उपकरणं. मी तिथे शिकवायचे. गजूभाऊ लॅब असिस्टंट. आणि वानखडे सर आमचे हेड. विषय त्यांचा, लॅब त्यांची, आणि बोलणंही बहुतेक त्यांचंच!

आता सिव्हिल ब्रँच बंद झाली. मी कॉम्प्युटरच्या मुलांना गणित शिकवते. गजूभाऊंना ऑफिसात बसवलंय. सर नागपूरला मुलीकडे गेले. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, फोनवर बोलणं होत नाही. म्हणून त्यांचे किस्से मी आणि गजूभाऊ कँटीनमध्ये बसून एकमेकांनाच सांगतो. दोघांनाही सगळे पाठ आहेत. तरी सांगतो.

*

सरांना पुस्तकातली गणितं आवडायची नाहीत. ‘एका आयताकृती चॅनलमधून पाणी वाहते’ असं वाचलं की ते चिडायचे. “कुठला चॅनल? कोणत्या गावचा? बिनगावाचं पाणी असते का कुठी!”

मग सरावाची गणितं ते स्वतःच बनवायचे. धनजच्या विहिरीवरचा पंप, मालेगावच्या स्टँडमागचा नाला, इंझोरीकडचा पाट. रुंदी इतकी, खोली इतकी, पाण्याचा वेग इतका. तर सेकंदाला किती पाणी जाते ते काढा.

एकदा पाटाचं गणित फळ्यावर लिहून सर वळले, तर मागच्या बाकावर विशालचा हात वर! तो इंझोरीचाच.

“सर, झालं.”

“इतक्या लवकर? सांग उत्तर.”

“शून्य.”

“शून्य कसं?”

“सर, हा पाट आमच्या वावराजवळूनच जाते. त्यात पानी येतच नाही. मी लहान व्हतो तवा आल्तं म्हनते बाबा.”

सगळा वर्ग खो-खो हसला. सरही हसले. मग फळ्याकडे वळले, गणित पुसलं नाही, फक्त सुरुवातीला एक शब्द लिहिला : ‘समजा’.

त्या दिवसापासून सरांचं प्रत्येक गणित ‘समजा’नंच सुरू व्हायचं.

*

एका उन्हाळ्यात आमच्या भागात नळ येईना. लॅबच्या टाकीत मात्र पाणी होतं. आमच्याकडे तेच पाणी फिरत राहतं ना! टाकीतून पंपानं वर, उपकरणातून खाली, परत टाकीत. कॉलेजमागच्या वस्तीत ही बातमी गेली आणि एका सकाळी लॅबच्या दारात हंडे, गुंड्या, बकेटी घेऊन बाया उभ्या. प्यायला नाही, निदान वापरायला तरी द्या म्हणत होत्या.

गजूभाऊ घाबरले. “सर, टाकी खाली झाली तर प्रॅक्टिकल कायच्यावर घेता?”

“ह्यांच्या हंड्यावर!” सर म्हणाले.

आणि खरंच घेतलं. पोरांच्या हातात स्टॉपवॉच दिले. हंड्याचं माप काढा, भरायला लागलेला वेळ लिहा, भागाकार करा, झाला डिस्चार्ज! पोरं खूश, बाया खूश. मधेच सरांनी व्हॉल्व्ह फिरवून धार बारीक केली. पुढे उभ्या कांताबाई लगेच गरजल्या, “काहून कमी केली धार?”

“बाई, पोरांना वेगवेगळी रीडिंग पाहिजेत.”

“मंग मोठी मोठी घ्या ना!”

संध्याकाळपर्यंत टाकीचा तळ दिसला. दुसऱ्या बॅचची प्रॅक्टिकल राहूनच गेली. पावसाळ्यापर्यंत टाकी भरली नाही, तोवर ती बॅच परीक्षा देऊन मोकळी झाली होती. पाणी मोजायची व्ही आकाराची खाच, म्हणजे व्ही-नॉच, त्या मुलांनी फक्त चित्रात पाहिली. सरांना प्रिन्सिपलनं बोलावून झाडलं, ते त्यांनी मनावर घेतलं नाही. पण ही बॅच कधी भेटायला आली की सर त्यांच्याशी नजर चुकवून बोलायचे.

*

तोंडी परीक्षेचा किस्सा सांगताना गजूभाऊ नेहमी उठून जातात. चहा आणतो म्हणतात.

बाहेरून आलेले परीक्षक मजेशीर होते. पहिल्याच मुलाला त्यांनी विचारलं, “डिस्चार्ज म्हणजे काय?”

“सर, मोबाईलची बॅटरी उतरते ते.”

परीक्षक हसून लोटपोट! पुढची मुलगी प्रतीक्षा. हुशार पोर, वर्गात नेहमी पुढे बसणारी. मी निश्चिंत होते. तिलाही तोच प्रश्न.

“दवाखान्यातून सोडतात ते, सर.”

आता तर परीक्षकांनी टेबलावर थाप मारली. “अहो मॅडम, या ऐकायला! हायड्रोलिक्स शिकवता की नर्सिंग?”

प्रतीक्षा तशीच उभी होती. म्हणाली, “सर, येते मले. एका सेकंदात जेवढं पानी वाहते, ते. पन माये बाबा अकोल्याले भरती आहेत. आज डिस्चार्ज देतो म्हनले. सकाळपासून तेच चालू आहे डोक्यात.”

परीक्षकांनी चष्मा काढला. पुसला. पुढचा प्रश्न विचारलाच नाही. “जा बेटा, जा तू.”

मार्क तिला पूर्ण मिळाले. बाबांना डिस्चार्ज मात्र त्या दिवशी मिळाला नाही. नंतरही नाही.

*

आता हे ०.६२ प्रकरण. टाकीच्या छिद्रातून हिशोबानं जेवढं पाणी पडायला पाहिजे, तेवढं प्रत्यक्षात कधीच पडत नाही. पडलेलं भागिले हिशोबाचं, हे उत्तर साधारण शून्य पॉइंट बासष्ट येतं. हे प्रत्येक पोराला सीनियरकडून आधीच कळलेलं असतं. त्यामुळे आमच्या लॅबमध्ये पंप कसाही चालो, उत्तर सगळ्यांचं ०.६२! लाइट गेलेली असली तरी ०.६२!

फक्त मंगेशचं आलं ०.४८. मित्र चिडवायला लागले, “अबे बदल ना! सर फेल करतीन.”

“काहून बदलू? आलं ते आलं.”

सरांनी विचारलं तर तो त्यांना टाकीच्या मागे घेऊन गेला. “सर, पडलेलं पानी जमते ती ही टाकी फुटली आहे. पानी मागून चाललं.” सर वाकले, तड्यावरून बोट फिरवलं, ओलं बोट सगळ्या वर्गाला दाखवलं आणि मंगेशला पैकीच्या पैकी मार्क दिले. “तुम्ही सगळे पाठ करून राह्यले. ह्यानं मोजलं!”

मंगेश डिप्लोमा करून एका ठेकेदाराकडे लागला. गावोगावी नळयोजनेची पाइपलाइन टाकायची आणि शेवटच्या नळाला पाणी किती येतं ते मोजून कळवायचं. एक दिवस त्याचा फोन आला. सर लॅबमध्येच होते, त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

“सर, नोकरी गेली.”

“काय झालं रे?”

“शेवटच्या नळाले पानी कमी येत व्हतं. मी कमीच लिहिलं. ठेकेदार म्हने, सगळे बरोबर लिहितात, तुलेच कसं कमी भेटते?” मग तो हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाला, “सर, इथं बी सगळ्यायले शून्य पॉइंट बासष्टच पायजे व्हतं!”

सरांनी त्याला धीर दिला, दोन-तीन ठिकाणी शब्द टाकतो म्हणाले, टाकलाही. फोन ठेवला. मग मला विचारलं, “मॅडम, मी त्याला ते मार्क द्यायला नको होते का?”



*

पाणी पाइपातून जाताना घासत घासत जातं आणि त्याचा जोर कमी होतो. त्याला आमच्यात ‘हेड लॉस’ म्हणतात. पाइपात वळणं जास्त, तर लॉस जास्त.

ॲडमिशन कमी होत गेली तेव्हा संस्थेनं ठरवलं, इतक्याशा ब्रँचला वेगळा हेड कशाला? सरांच्या केबिनवरची ‘विभागप्रमुख’ पाटी काढायला शिपाई आला. स्क्रू गंजलेला, निघता निघेना. शिपाई बिचारा ओशाळून घामाघूम झाला. शेवटी सरांनीच ड्रॉवरमधून पेचकस काढून त्याच्या हातात दिला.

पाटी निघाली. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. सर त्याच्याकडे पाहत म्हणाले, “गजू, लिहून घे रे! पाइप सरळ होता, तरी हेड लॉस झाला!”

आम्ही हसलो. हसायलाच पाहिजे होतं तेव्हा. आता सांगताना कोणीच हसत नाही.

*

मग मे महिन्यात आम्हाला गावोगावी पाठवायला लागले, पोरं आणा म्हणून. सर आणि गजूभाऊ मोटारसायकलवर, मी माझ्या स्कूटीवर. धनजला एका घरी बसलो. घरधनी वावरात गेलेले, मुलीची आई समोर बसली. मुलगी, सुषमा, दाराशी उभी राहून ऐकत होती.

सर रंगात आले. लॅब कशी आहे, पाणी कसं मोजतो, सगळं हातवारे करून सांगितलं. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मोजून झाल्यावर ते पानी कोनाले देता?”

“कोणाला नाही. परत टाकीतच सोडतो.”

“आन दुसऱ्या दिवशी?”

“तेच पाणी परत मोजतो.”

बाईनं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “माय व! मंग मोजता कायले?”

दाराशी सुषमाला हसू आवरेना. सरसुद्धा हसले. पण परत येताना मालेगावला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, “बाईचा प्रश्न बरोबर आहे. आपल्याला कोणी विचारला नाही इतक्या वर्षांत.”

सुषमा मात्र आली. त्या वर्षी आलेली बाकीची मुलं एकेक करून कॉम्प्युटरला बदली घेऊन गेली. तिलाही सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती म्हणायची, “मले पान्याचंच शिकाचं आहे.”

*

तर दुसऱ्या वर्षाला वर्गात सुषमा एकटी! पुढच्या वर्षी तिला दुसऱ्या गावच्या कॉलेजात जायचं होतं, कारण आमची ब्रँच बंद होणार हे पक्कं झालं होतं. शेवटचं प्रॅक्टिकल राहिलं होतं, व्हेंचुरीमीटरचं. पाइप मधे अरुंद केलेला असतो, तिथे पाण्याचा दाब किती उतरतो त्यावरून पाणी मोजायचं. पण त्याला चार जण लागतात. एकानं व्हॉल्व्ह सांभाळायचा, एकानं काचेच्या नळीतला पारा वाचायचा, एकानं घड्याळ, एकानं टाकीत पाणी किती चढलं ते.

“ग्रुप कुठून आणू, सर?” सुषमानं विचारलं.

“आम्ही आहोत ना!” सर म्हणाले आणि विद्यार्थ्यासारखे रांगेत उभे राहिले.

गजूभाऊ व्हॉल्व्हवर, मी पाऱ्यापाशी, सरांच्या हातात स्टॉपवॉच, सुषमा टाकीजवळ. आणि पोरीनं आम्हाला काय राबवलं! “मॅडम, वाकून पाहा, डोळे पाऱ्याच्या लेव्हलले आना!” “गजूभाऊ, हळू फिरवा ना!” “सर, लक्ष कुठी आहे तुमचं?”

“हो, मॅडम,” सर म्हणाले. तिला!

एक रीडिंग झालं, दुसरं झालं. असं करत शेवटचं आलं, तिचं आणि या लॅबचंही. टाकीची तोटी बंद केली, पाणी चढायला लागलं.

“सर, स्टार्ट!”

सरांनी बटण दाबलं. पाणी खुणेपाशी आलं.

“स्टॉप!”

सरांचा अंगठा हलला नाही.

“सर, स्टॉप! वर गेलं पानी!”

“जाऊ दे.”

“रीडिंग चुकलं ना, सर!”

“चुकू दे, बेटा.”

टाकी काठोकाठ भरली, मग काठावरून पाणी फरशीवर, आमच्या पायांपर्यंत यायला लागलं. मी म्हटलं, “सर, पंप...” गजूभाऊंचा हात व्हॉल्व्हवर तसाच होता. ते सरांकडे पाहत होते. सर पाण्याकडे.

सुषमानं आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. पेन टेबलावर ठेवला, चपला काढून बाजूला सरकवल्या आणि तीही त्या पाण्यात येऊन उभी राहिली.