सतरा नंबरचा ट्रे

आमच्या ऑफिसातला वीरभद्रप्पा अकरा वर्षं माणसांशी कमी आणि आकड्यांशीच जास्त बोलत आलाय. जुळे सोलापुरात बसून तो होटगीच्या परीक्षा केंद्रातले चाळीस कॉम्प्युटर सांभाळतो. त्यानं स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट चालवली, की काळ्या पडद्यावर दर दहा सेकंदांनी प्रत्येक मशीनच्या प्रोसेसरवरचा लोड उमटतो. पेपर चालू असताना दहा-बारा टक्के, त्याहून जास्त नाही.

त्या दिवशी भरतीच्या परीक्षेत सतरा नंबर शंभरावर गेला आणि तिथंच बसला. म्हणजे मशीन अडकलं, आणि समोरच्याची वेळ मात्र पळतेय. चालू पेपरला लांबून हात लावला तर पेपरच रद्द. पर्यवेक्षक इंद्रजीत सरांचा मोबाइल नियमाप्रमाणे गेटवरच्या पेटीत, आणि गेटवर फोन कुणी उचलेना. नियम करणाऱ्याच्या अकलेला माझा साष्टांग नमस्कार!

"हात वर करायला काय होतंय त्याला?" मी चिडले.

वीरभद्रप्पाला एक युक्ती सुचली. त्या जुन्या मशीनना अजून सीडीचा ट्रे आहे. तो इथून उघडला तर खट्कन आवाज होईल, सर बघतील, पेपरला धक्का लागणार नाही. त्यानं कमांड दिली. थोड्या वेळानं तपासलं, तर ट्रे बंद.

पुन्हा उघडला. पुन्हा बंद.

"आपोआप न्हाय लागत त्यो," तो पुटपुटला. "कुणीतरी लावतंय की."

सहा मिनिटं गेली होती. त्यानं दर दोन सेकंदांनी ट्रे उघडत राहील अशी ओळ लिहिली. शंभर. शंभर. शंभर. मग सतराची नोंदच गायब झाली. कुणीतरी मशीन बंद केलं होतं. दोन मिनिटांनी नोंद परत आली. अकरा टक्के. वीरभद्रप्पानं डोळे पुसले.

संध्याकाळी इंद्रजीत सरांचा फोन आला. सतरावर रेश्मा नावाची खेड्यातली मुलगी होती. गेलेली वेळ तिला भरून मिळाली. पण ट्रेची खट्खट् ऐकून सर जवळ गेले तेव्हा ती रडत म्हणाली होती, "सर, म्या कायबी केलं न्हाय. ह्ये सारकं उघडतंय, मी लावतीय की." मशीन अडकलं तेही आपल्याच हातून, असं समजून बिचारी गप्प बसली होती.

पुढच्या परीक्षेला वीरभद्रप्पा सकाळीच होटगीला गेला. "मशीन अडलं तर हात वर करा. चूक तुमची नसती," म्हणाला. चाळीस जणांनी नुसत्या माना हलवल्या. मग पेपर सुरू व्हायच्या आधी त्यानं सगळ्यांकडून तीनदा हात वर करून घेतला.