मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे

आमच्या कल्याणजवळच्या मोहने गावातल्या चाळीत एकच वकील होते आणि ते कोर्टापेक्षा लग्नांत जास्त बोलत. कल्याण कोर्टात त्यांना मान होता, लॉ कॉलेजात ते घटना शिकवायचे, घरात पुस्तकं थेट मोरीपर्यंत आलेली. पण आम्हा पोरींना वकीलकाका म्हणजे लग्नातला माईक. आम्हा बौद्धांकडे लग्नात संविधानाची उद्देशिका वाचायची पद्धत आहे, आणि ती वाचायला ह्यांनाच बोलावणं असायचं. शेअर रिक्षात बसले तरी ड्रायव्हरला मूलभूत हक्क समजावून सांगत. सीट भरल्या तरी बिचारा गाडी सोडायची विसरायचा.

लग्नाला येण्याची त्यांची एकच अट. वाचन झालं की आधी मुलीला विचारणार, मग मुलाला, लग्न मान्य आहे का. उत्तर तोंडानं द्यायचं आणि ते मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे. मान डोलावलेली चालणार नाही. टिटवाळ्याच्या एका लग्नात नवरीच्या मामानंच हो म्हणून टाकलं, तर काकांनी त्याला भर मंडपात विचारलं, नवरी कोण आहे? मामा तिथून उठला तो थेट जेवणाच्या पंगतीत दिसला.

आता माझी गोष्ट. मला घाबरले की हसू येतं. दहावीच्या निकालाला आलं, आजीच्या तेराव्या... छे, आमच्यात तेरावं नसतं, पुण्यानुमोदनाला आलं. आईनं लग्नाच्या आदल्या दिवशी दम भरलेला, उद्या दात काढलेस तर बघ.

लग्न कल्याणच्या हॉलमध्ये. पांढरी साडी, समोर तसबिरी, मेणबत्त्या, बाजूला नवरा, इतका ताठ की त्याला कुणी इस्त्री करून उभा केलाय असं वाटावं. काकांनी उद्देशिका वाचली, माझ्याकडे वळले आणि विचारलं. नेमका माईक किंचाळला. झालं! मी फिस्सकन हसले. दाबलं तर नाकातून आलं. काका थांबले, पुन्हा विचारलं. मी पुन्हा खी खी खी. नवऱ्याचा चेहरा पडला. त्याच्या आईनं बहिणीला सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, की पोरीच्या मनात दुसरंच काहीतरी दिसतंय. त्यावर मला आणखी हसू. आईनं मागून असा चिमटा काढला की दंड आठवडाभर काळानिळा होता.

पप्पांना राहवेना. ते उठून म्हणाले, हो हो, तिला मान्य आहे.

काका माईकवर म्हणाले, "तुमचं लग्न झालंय. खाली बसा."

सगळा हॉल खदखदा हसला. सासरचे एक काका उठले, म्हणाले, हसते आहे म्हणजे राजीच आहे की, उरका आता, जिलेबी गार होते. वकीलकाका ढिम्म. हसणं म्हणजे होकार नव्हे, ज्यांना जिलेबीची घाई आहे त्यांनी खुशाल खाऊन यावं, म्हणाले. दोघं खरंच उठले. मी हसतच होते. हा माणूस माझं लग्न मोडणार, हे मला कळून चुकलं.

मग त्यांनी माईक खाली ठेवला, माझ्यासाठी पाणी मागवलं आणि अगदी हळू म्हणाले, "नाही म्हणायचं असेल तरी चालेल गं. मी आहे."

हसू बंद. नाही म्हणता येतं, हे इतक्या खरेदीत, इतक्या बैठकांत मला एका माणसानं सांगितलं नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावरचा घाम भुवईवर येऊन थांबलेला, पण पुसायची हिंमत नाही. मला तो एकदम फार आवडला. मी म्हटलं, मान्य आहे.

"मोठ्यानं. मागच्या रांगेला ऐकू आलं नाही."

मी अशी बोंबलले की मागे जिलेबी खाणारे दोघं हातात ताटं घेऊन उभे राहिले.

काका गेल्या वर्षी गेले. शोकसभा त्याच हॉलमध्ये ठेवलेली. मोठमोठे वकील त्यांच्या विद्वत्तेवर बोलले, आणि मी रडू आवरत, म्हणजे खरं तर हसू आवरत, बसलेले. शेवटी काकू उठल्या. आयुष्यात कधी माईक धरला नव्हता त्यांनी.

म्हणाल्या, आमच्या लग्नात मला कुणी विचारलंच नव्हतं. मामा हो म्हणाला, झालं लग्न. मग हे वकिली शिकले आणि ह्यांना ते खुपायला लागलं. एकदा मी भाकऱ्या थापत होते, तर मागे येऊन विचारतात, तुला मान्य होतं का? मी म्हटलं, विचार करून सांगते. तेव्हापासून दर लग्नाच्या वाढदिवसाला विचारायचे आणि मी पुढची तारीख द्यायचे. म्हटलं, तुम्ही लोकांना देता ना, घ्या आता.

हॉल हसायला लागला. सगळ्यांत आधी मी.

काकूंनी पदरानं नाक पुसलं. "शेवटी दवाखान्यात मीच त्यांच्या कानाशी वाकले नि म्हटलं, मान्य आहे. डोळे मिटलेले होते. तर म्हणतात, मोठ्यानं, मागच्या रांगेला ऐकू आलं नाही."

कुणीतरी विचारलं, मग?

"मग काय, ओरडले. वॉर्डातल्या सगळ्या नर्स धावत आल्या."