तरुण तडफदार बाबा

भिवंडीतल्या एका दुकानात मी बॅनर करतो. छपाई मशीन करतं, चेहरे गिऱ्हाइकांच्या मोबाइलमधून येतात, माझ्या वाट्याला उरतात ती विशेषणं. 'तरुण तडफदार' हे चाळिशीच्या आतल्या कोणी मागितल्याचं मला आठवत नाही. 'धडाडीचे' हवं असतं ते खुर्चीतून उठताना गुडघ्यावर हात ठेवणाऱ्यांना. 'सळसळतं चैतन्य' एकदा ज्याच्यासाठी लिहिलं, त्याला डिझाइन दाखवायला हलवून जागं करावं लागलं. पडघ्याकडचा एक जण शर्यतीच्या बैलाचा वाढदिवस घेऊन आला होता. बैलाच्या डोळ्यांकडे बघून मी 'शांत, संयमी' लिहिलं, तर तो भडकला. म्हणाला, "शांत लिवलंस तर याच्यासंगं जोडी कोन लावील?" शेवटी बैलाला 'धडाडीचं व्यक्तिमत्त्व' केलं, तेव्हा कुठे बैलवाल्याने पाणी घेतलं.

बाकीच्या शब्दांना गिऱ्हाईक नाही. तरतरी चहाने येते, चेव गल्लीतल्या कुत्र्यांना येतो आणि खुमखुमी कायम दुसऱ्यालाच असते. 'उत्साहाच्या भरात' एवढं ऐकलं की समजावं, काहीतरी मोडलंय. हुरूप तर बॅनरवर कधीच नसतो. हुरूप यायला माणूस आधी खचलेला असावा लागतो, आणि खचलेल्या माणसाचा बॅनर कोण लावतो?

आमच्या आईला लावायचा होता.

बाबांनी उभा जन्म लूम चालवले. मालकाने कारखाना बंद केला, माग भंगारात काढले, आणि बाबा घरी येऊन ओट्यावरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं, सगळं ठीक निघालं. समोर ताट ठेवलं की जेवायचे. "कसं हाय?" विचारलं की "हाय" म्हणायचे, पुढे पुढे तेही बंद झालं. एकदा आई त्यांच्या देखतच मला म्हणाली, "असा बसून बसून जाईल रं ह्यो मानूस." ते त्यांनी ऐकलं आणि तरी भिंतीकडेच बघत राहिले. मला तेव्हा फार भीती वाटली. तालुकाभर उत्साह वाटायचा धंदा माझा, आणि घरात चिमूटभर नव्हता.

"वाढदिवसाला त्यांचा एक बॅनर लाव," आई म्हणाली. "बैलांचे लावतोस ना? यांना जरा हुरूप येल."

शाळेच्या दाखल्यावरची तारीख धरली आणि लिहायला बसलो. 'शांत' लिहिलं, बैलवाला आठवला, खोडलं. मग हात आपोआप चालला. तरुण तडफदार, धडाडीचे, आपला हक्काचा माणूस. इस्त्रीच्या शर्टातला बाबांचा एकच फोटो होता, कुठल्याशा लग्नात पाहुण्यांना हात जोडतानाचा. तो मधोमध टाकला. खाली नेहमीप्रमाणे 'शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ'. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती, अर्ज भरायचे अजून बाकी होते, आणि सकाळ-संध्याकाळ मी असलेच बॅनर करत होतो. त्यामुळे यात काही वावगं मला दिसलंच नाही. संध्याकाळी गावाच्या नाक्यावर लावून मोकळा झालो.

सकाळी आमच्या वॉर्डातला उमेदवार दारात हजर. बाबांसमोर स्टूल ओढून बसला.

"काका, उभं राहायचं होतं तर आधी बोलायचं ना."

बाबा गप्प.

"बरं, पान्याची लाईन पहिली तुमच्या आळीला."

बाबा गप्प. त्याने कपाळ पुसलं.

"उपसरपंच तुम्ही. मंग तर झालं?"

बाबा भिंतीकडे बघत होते. जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझा बाप लय पक्का हाय. शब्द काढत न्हाय तोंडातून." दुपारी त्याचा विरोधक पेढे घेऊन आला आणि तसाच घाम पुसत गेला. दापोड्याचा एक गोडाऊनवाला प्रचाराला टेम्पो देतो म्हणाला. मी कळवळून सांगत होतो की हा नुसता वाढदिवस आहे. लोक डोळा मारून म्हणत, "बरोबर हाय, आत्ताच फोडू नका." आईने दूधवाल्याला जास्तीचं दूध सांगितलं.

घाबरून मी बॅनर उतरवायला नाक्यावर गेलो, तर तिथे दोन जण राखणीला बसलेले. विरोधक फाडतील म्हणून. ते बाबांचे कार्यकर्ते होते, आणि त्यांनी मला बॅनरला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी दुकानात कोणाचं तरी 'सळसळतं नेतृत्व' जुळवत होतो, तेव्हा शेअर रिक्षा थांबली आणि बाबा उतरले. एकटे. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, चेहरा लालबुंद.

"तरुन कोन?" त्यांनी दारातूनच विचारलं. "तडफदार कोन? मी? सगल्या आळीत दारोदार जाऊन सांगून आलो, मी उभा न्हाय म्हनून. कोन ऐकत न्हाय. म्हनतात, काका, चाल चांगली हाय. पाया पडतात माझ्या. तुला कोनी सांगितला होता हा शानपना?"

लुमांच्या खटखटीत बोलायची सवय असलेला माणूस, आवाज मुळातच मोठा. आम्ही तो विसरून गेलो होतो. दुकानमालकाने मशीन बंद केलं. समोरचा पानवाला उभा राहून बघायला लागला. बाबा माझ्या अकलेवरून माझ्या शाळेवर आले आणि शाळेवरून माझ्या मामांवर गेले. इतका आनंद मला कुठल्या कौतुकाने कधी झाला नव्हता.

"बाबा, बसा ना," मी म्हणालो. "चहा मागवतो."

"बसायला न्हाय आलो मी," बाबा गरजले. "माझं अजून संपलं न्हाय."

मी खिशातून मोबाइल काढला, आईला फोन लावला आणि तो त्यांच्याकडे धरून शिव्या खात उभा राहिलो.