पोळ्याच्या रंगातली लाकडी जोडी

तुमच्या पणजोबांच्या लहानपणी एरंडोलच्या एका सुताराने त्यांना सागवानी बैलजोडी करून दिली होती. फळीवर उभे दोन बैल, खाली चाकं, ओढायला सुतळी. पुढे तुमच्या आजोबांनी आणि तुमच्या बाबांनीही ती अंगणभर ओढली. पोळ्याला मात्र ती खेळणं नसायची. गोठ्यातल्या बैलांबरोबर तिची पूजा व्हायची आणि शिंगांना, पाठीला, खालच्या फळीलाही नवा रंग लागायचा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धुळ्याच्या एका वस्तुसंग्रहालयाने जुनी खेळणी मागवली. मी जळगावात कॉलेजात शिकवत होते. गावच्या घरात वाळवी शिरली होती. सोंगट्या आणि पाटावरचा पट तिने आधीच खाल्ला होता. बैल तिच्या तोंडी द्यायचे नाहीत, असं मी ठरवलं.

सासूबाई, म्हणजे तुमची आजी, तयार झाल्या. पण मी न्यायला गेले तेव्हा बैल अंगणात वाळत होते. शिंगं गुलाबी, पाठी हिरव्यागार, गळ्यात नवे घुंगरू.

“परका घर जाई ऱ्हायनात,” त्या म्हणाल्या. “अश्याच धाडू का?”

धुळ्याला संग्रहाच्या व्यवस्थापकांनी बैल उलटसुलट पाहिले.

“मॅडम, हे परवा बाजारातून आणल्यासारखे दिसतात. असू द्या, रंग काढून घेतो. मूळ लाकूड दिसलं की झालं.”

“रंग काढायचा नाही.”

“मग घेता येणार नाहीत.”

मी बैल पिशवीत घातले आणि परतीची एस.टी. धरली. ते रंग खरवडायचं म्हणतात, असं सासूबाईंना सांगितलं तर त्या हसल्या. “खरवाडी टाकं ते काय ऱ्हाई? लाकूड ते चुल्हामां बी शे.”

पुढच्या सुट्टीला मी पुन्हा धुळ्याला गेले. या वेळी बैल उभे न करता आडवे ठेवले. चाक घासून फळीची कड झिजली होती आणि तिथे कांद्याच्या पाकळ्यांसारखे रंग दिसत होते: हिरवा, पिवळा, निळा, पुन्हा हिरवा. व्यवस्थापकांनी भिंग आणलं.

“सगळ्यात खाली काय आहे?”

“गेरू. डब्यातला रंग तेव्हा गावात मिळत नव्हता.”

“म्हणजे प्रत्येक थर एकेका पोळ्याचा?”

“रंग आणायची ऐपत होती त्या पोळ्याचा. दुष्काळातले पोळे इथे सापडणार नाहीत.”

ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, “घेतो, रंगासकट. पण यापुढे यावर ब्रश लागणार नाही.”

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. सासूबाईंना विचारलं नव्हतं. घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

“मन्हा दारना बैल, अन पोया बिगर रंगना?”

“घरात ठेवले तर वाळवी खाईल, आई.”

जेवणानंतर ताट उचलताना त्या म्हणाल्या, “रंग नही ते नही. पन पोयाना घास चुकाले नको. तू कबूल करेल शे, तूच जाय.”

म्हणून त्या पोळ्याला मी पुरणपोळीचा डबा घेऊन धुळ्याला पोहोचले. व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला.

“मॅडम, कपाटाजवळ गूळ-तूप चालणार नाही. मुंग्या येतात.”

“मग बैल बाहेर आणा.”

“नोंद झालेली वस्तू बाहेर निघत नाही.”

“हरकत नाही. मी थांबते.”

व्हरांड्यातल्या बाकावर डबा मांडीवर घेऊन मी बसले. ते दोनदा डोकावून गेले. परतीची पहिली गाडी गेली असेल. दुपार कलली तेव्हा ते स्वतः बैल घेऊन आले. व्हरांड्यातल्या टेबलावर धुतलेलं पांढरं कापड अंथरलं होतं. मी हातभर लांबून घास दाखवला, नमस्कार केला आणि पोळी व्यवस्थापकांपुढे ठेवली. त्यांनी ती खाल्ली, मग हात साबणाने धुऊन बैल कपाटात नेले.

सासूबाई होत्या तोवर दर पोळ्याला मी धुळ्याला गेले. पुढच्या वर्षीपासून टेबल मी पोहोचायच्या आधीच मांडलेलं असायचं.